ब्याण्णव टक्के उगवण

"हे कुणावर टेकलंय?"

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते; कोणतीही गोष्ट समोर आली की ते आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, कमरेतून वाकायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचे आणि हा प्रश्न विचारायचे. गोष्ट म्हणजे काहीही: प्रोग्राम, खुर्ची, लग्नपत्रिका. एकदा तर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरलाच विचारलं, कारण खिळा हलत होता. तेव्हापासून आम्ही त्यांना 'टेकू' म्हणू लागलो. म्हणायचो पाठीमागे, पण एवढ्या मोठ्याने की पुढे ऐकू जावं.

तुम्ही विचाराल, कॉम्प्युटर? परभणीत? त्या काळी? होय मंडळी. मोंढ्याजवळ, एका बियाण्यांच्या दुकानाच्या वर, आमच्या मालकांनी तीन मशिनी मांडल्या होत्या. लोक चपला जिन्यात काढून वर यायचे आणि पडद्याला हात जोडायचेच तेवढे बाकी ठेवायचे. ती नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं. एका बियाणे कंपनीसाठी आम्ही प्रोग्राम करत होतो. कोणत्या पोत्यातलं बी किती टक्के उगवतं, ते मशीन सांगणार आणि तसं लेबल छापणार. त्याचे सहा भाग होते: आवक, चाळणी, उगवण, साठा, लेबल, अहवाल. प्रत्येक भाग वेगवेगळा लिहायचा आणि शेवटी सगळे जोडून एक प्रोग्राम करायचा. उगवण माझ्याकडे होती, आणि जोडणी त्यांच्याकडे, म्हणजे टेकूंकडे.

आता ही जोडणी म्हणजे काय, ते नाटकाच्या भाषेत सांगतो. तालमीला राजा करणारा नट आला नाही, तर दिसेल त्याला मुंडासं बांधून सिंहासनावर बसवतात. बाकीच्यांची तालीम अडू नये म्हणून. आमच्याकडेही तसंच. माझी उगवण लिहून होईपर्यंत त्यांनी एक खोटी उगवण करून ठेवली होती. तिला काहीही विचारा, ती एकच सांगणार: "ब्याण्णव टक्के, पास." तिच्यावर लेबलवाल्याने आपला भाग तपासून घ्यायचा. म्हणून त्यांच्याकडे जोडणीच्या दोन याद्या होत्या. एक तालमीची, एक खरी. मुंडासंवाला राजा खऱ्या यादीत कधीही जाता कामा नये, यावर त्यांचा सगळा जीव.

रोज सकाळी ताडकळसहून एसटीने यायचे. आले की आधीची सगळी जोडणी पुसायची आणि पायापासून नवी करायची. पस्तीस मिनिटं लागायची. आम्ही विचारायचो, "अहो, काल तर झाली होती की!"

"कालची काल. रात्रीतून कुणी काय केलंय, कसं कळावं?"

मला तेव्हा एक खेळ सुचला होता. मजेशीर होता, अजून आठवला की हसू येतं. एकतिसावं मिनिट लागलं की मी टेबलाखाली पायाच्या अंगठ्याने त्यांच्या मशीनचं बटण दाबायचो. पडदा काळा! ते दचकून छताकडे बघायचे. "लाइट गेली..." मग नजर पंख्यावर. "पंखा चालू हाय की." आणि पुन्हा पहिल्यापासून. पंख्याचं हे कोडं त्यांनी तीनदा उच्चारलं. चौथ्यांदा उच्चारलं नाही. नुसतं टेबलाखाली पाहिलं आणि पुन्हा जोडणीला बसले.

मालक आम्हा विशी-बाविशीतल्यांना 'अहो' म्हणायचे आणि आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या त्यांना 'अरे'. का, ते परभणीत कुणी कुणाला समजावून सांगत नसे. ते ताडकळसच्या बौद्ध वस्तीतले, बी.एस्सी., पहिल्या वर्गात. आमच्यातल्या कुणाचाच पहिला वर्ग नव्हता. ते रोजंदारीवर होते. मालकांनी शब्द दिला होता की प्रोग्राम पास झाला त्या दिवशी पर्मनंट. पर्मनंटचा कागद दाखवल्याशिवाय शहरात त्यांना कुणी खोली देईना. कागद दाखवल्यावरही किती जण देतील, ते बघायचं होतं. पण एकाने कबूल केलं होतं. खोली मिळाली की मुलीला परभणीच्या शाळेत पाचवीत घालायचं. एवढं एकच बोलणं त्यांनी आमच्यापाशी जोडणी सोडून केलं होतं, आणि तेही आम्ही पत्ते पिसत ऐकलं.

एकदा ते एक कागद घेऊन मालकांपुढे उभे राहिले. म्हणाले, "साहेब, तालमीच्या समद्या फायलींची नावं बदलू. नाव बघूनच कळावं, की हे खरं न्हाई. आता उगवण-एक खरी आन् उगवण-दोन खोटी. एका आकड्याचा फरक. घोटाळा व्हईल."

ते दिवस कसे होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. विद्यापीठाच्या नावावरून चौकाचौकात तापलेलं. मालकांनी खुर्ची मागे रेलवली, आमच्याकडे बघितलं, आणि संवाद फेकावा तसं म्हणाले, "नामांतर करायलाय का रे इथं बी?"

काय हशा पिकला! लेबलवाला तर जमिनीवर बसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. माझा आवाज मुळात चांगला आहे. त्यांनी कागदाची घडी केली. "ऱ्हाऊ द्या मग," म्हणाले.

कंपनीचे साहेब बघायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत माझी उगवण झालेली नव्हती. का नव्हती? पत्ते. सिनेमा. आणि ठरलेलं लग्न. काम मोठं नव्हतं हो, नंतर केलं तेव्हा घड्याळ लावून पाहिलं, चाळीस मिनिटांत संपलं. पण सकाळी ऑफिसात आलो तेव्हा खरी यादी माझ्या भागापाशी येऊन अडत होती, आणि ते स्वतः अजून आले नव्हते. मुलीचा दाखला काढायला गावच्या शाळेत थांबले होते, हेडमास्तर उशिरा आले. मी काय केलं? खऱ्या यादीत उगवण-एकच्या जागी उगवण-दोन केलं. तरी अडलं, म्हणून मशीन ज्यांच्यावर कुरकुर करत होतं त्या चार ओळीही खोडल्या. जोडणी झाली. गाणं म्हणत फ्लॉपी काढली.

ते साडेदहाला धापा टाकत जिना चढले तेव्हा साहेब बसले होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खऱ्या यादीवरनं केलीत नव्हं?"

मी मान हलवली. यादी खरीच होती की!

साहेब जाडजूड, पान खाणारे, आयुष्य बियाण्यांत गेलेले. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला. "चारशे दाणे लावले, एकही उगवला नाही, असं भरा."

भरलं. मशीनने अंमळ विचार केल्यासारखं केलं. पडद्यावर आलं: ब्याण्णव टक्के, पास. आणि प्रिंटर खर्रर्र करून आनंदाने लेबल ओकू लागला. साहेबांनी ते फाडून घेतलं, उजेडात धरलं. "वा! म्हणजे आता दगड जरी पेरले..."

मालक वळले. "यादी कुणाची?"

"माझी," ते म्हणाले. पडद्यावर यादी उघडली, वाकले, बघितलं. तो दोन त्यांना लगेच दिसला. "साहेब, हिच्यात कुणीतरी हात घातलाय."

"कुणी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटरची फीत नीट बसवत होतो. फार नाजूक काम असतं ते.

"बघावं लागंल," ते म्हणाले.

"काय बघतोस? येणार उशिरा, काम खोटं, आन् वरून दुसऱ्यावर ढकलायलाय! इथं सवलतीवर चालत न्हाई बाबा, इथं काम लागतं." मालकांनी त्यांच्या टेबलावरची वही उचलली. दोन वर्षांची, कोणता भाग कोणावर, कशाआधी काय, सगळं त्यात. पाहुण्यांना दिसेल अशी, मधोमध धरून फाडली. मग आणखी एकदा. जाड वही होती, मालकांचा चेहरा लाल झाला. "जा. उद्यापासून यिऊ नको."

ते खाली वाकून तुकडे गोळा करायला लागले तेव्हा मालक म्हणाले, "ते राहू दे. झाडूवाली उचलंल." ते उठले, चप्पल शोधायला जिन्यात गेले.

गंमत पुढे आहे. साहेबांनी पान लावलं आणि म्हणाले, "जेवून येतो. चार वाजता पुन्हा दाखवा. नीट करून." आणि मालकांच्या लक्षात आलं की नीट करायचं म्हणजे यादी लागणार. मी कोणत्या चार ओळी खोडल्या ते मला आठवेना. वहीचे तुकडे झाडूवालीने तोवर कचऱ्यात नेऊन चहाच्या चोथ्यात मिसळले होते. मालकांनी लुनाची किल्ली माझ्या अंगावर फेकली. "पळा! स्टँडवर आसंल."

चार वाजताच्या प्रयोगाचं आधीच सांगून टाकतो: झकास झाला. स्टँडवरून येऊन उगवण लिहिली, शून्य भरलं, शून्य आलं, साहेबांनी टाळी दिली, आणि त्या दिवशी पर्मनंट झालो तो मी. पण त्याआधी स्टँड.

ताडकळसवरून जाणारी पूर्णेची गाडी लागलेली होती. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर पिशवी. मी लुना तशीच टाकून खिडकीखाली गेलो.

"अहो, मालकांनी यादी विचारलीय."

"फाडली की त्यांनी."

"तोंडी सांगा. तुम्हाला पाठ आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांना कुणाची भीती उरली नव्हती. मला वाटलं, आता हा माणूस थुंकणार, आणि खरं सांगतो, मी चेहरा थोडा बाजूलाही केला.

"कागद हाय का?"

माझ्याकडे पेन होतं, कागद नव्हता. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक कोरा करकरीत छापील फॉर्म काढला. शाळेचा प्रवेश अर्ज. मुलीचं नाव तेवढं भरलेलं, सुवाच्य. उलटा करून खिडकीतून माझ्या हातात दिला. "ह्याच्या मागं लिहा. मागं कोरा हाय."

मी एसटीचा पत्रा टेबल करून लिहू लागलो. "आवक. आवक कुणावर न्हाई, तिला आधी घ्या. मग चाळणी, ती आवकीवर. मग तारखेची फाईल, ती तुमी खोडली आसंल, ती लागतीच." शेजारचा म्हातारा वाकून बघू लागला. "काय गुरुजी, मंत्र द्यायलाय का?"

"व्हय," ते म्हणाले.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी मागे सरकायला लागली, मी अर्ज पत्र्यावर दाबून तिच्याबरोबर चालू लागलो. उगवणीचं नाव आलं आणि ते थांबले.

"तुमची उगवण झाली का?"

"झाली," मी म्हणालो.

"मग एक लिहा," ते म्हणाले, आणि गाडी फाटकातून बाहेर वळेपर्यंत, मला ऐकू यावं म्हणून आवाज चढवत, पुढची नावं सांगत राहिले.