बोर्तोलोची खूण

आमच्या गावात कुठल्याही छपरावर चढा, आढ्याच्या शेवटच्या लाकडी कौलावर डागलेली खूण सापडेल. ज्यानं छप्पर घातलं, त्याची. छप्पर गळलं की लोक खूण बघतात आणि थेट त्याच्या दारात जाऊन उभे राहतात. बोर्तोलोची खूण कोंबडीचा पाय. पन्नास वर्षांत त्याच्या दारात असं कुणी उभं राहिलं नाही.

हा माझा शेजारी. तिरसट, बायकोशीही धड न बोलणारा. पण देवदारासारखं लार्चचं झाड तो, लाकूड टिकावं म्हणून, वद्य पक्षातच तोडायचा आणि कौलं कुऱ्हाडीनं फाडायचा. फाडलेल्या लाकडावरून पाणी रेषेरेषेनं ओघळून जातं. करवतीनं कापलेलं लाकूड पाणी पितं आणि चार हिवाळ्यांत कुजतं. हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं.

टेकडीवरच्या किल्ल्याचा जीर्णोद्धार करणाऱ्या साहेबांना तेवढं कळलं नाही. त्यांनी ट्रक भरून कापलेली कौलं आणली. बोर्तोलो सांगायला गेला, तर म्हणाले, "आजोबा, उद्घाटनाला जुना पोशाख घालून बसा, पाहुण्यांना चार कौलं फाडून दाखवा." ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो मात्र सरळ घरी आला.

मग सरपंच लिवियो आला, गोड गोड बोलत. "काका, तुमचा डागायचा ठसा द्या ना, प्रदर्शनात मांडतो." बोर्तोलोनं दिला. दुसऱ्याचा ठसा कुणी वापरेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. आमच्याकडे कुणी वापरतच नाही.

उद्घाटनाला किल्ल्याच्या दारावर पाटी होती: 'छप्पर बोर्तोलो यांच्या हातचं.' बोर्तोलो आणि मी तटावर गेलो. तिथून आढं स्पष्ट दिसत होतं. कोऱ्या लाकडावर काळाकुट्ट कोंबडीचा पाय!

कामगारांची शिडी अजून लावलेलीच होती. शहात्तर वर्षांचा म्हातारा सरसर वर चढला. कमरेला नेहमीची कुऱ्हाड होतीच.

"काका, उतरा खाली! पाहुण्यांपुढे गावाची लाज काढताय!" लिवियो ओरडला.

"लाज? ठसा मागायला आलास तेव्हा कुठं ठेवली होतीस रे, चोरा?"

कुऱ्हाडीचं पातं खुपसून त्यानं ते कौल उखडलं. बँड थांबला.

"अहो, भोक पाडलंत! आता गळेल ना छप्पर!" लिवियो पुन्हा ओरडला.

बोर्तोलोनं कौल काखेत मारलं. "गळू दे. गळणारच होतं. आता माझ्या नावानं गळणार नाही."

प्रदर्शनाच्या टेबलावरचा त्याचा ठसा मी उचलला. मला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.