चूल वेशीबाहेर

ज्याची चूल वेशीच्या आत, त्याला शिधा नाही. अमरावतीच्या एका शेठजींनी सदावर्त घातलं तेव्हा हा नियम केला. वाटसरूला, बैराग्याला, यात्रेकरूला दिलं तर पुण्य. गावच्याला दिलं तर गाव आळशी होतं, असं त्यांचं म्हणणं. हा नियम दारात उभ्या माणसाला ऐकवण्याचं काम सुभद्रामायकडे होतं, आणि ते करता करता तिचा अर्धा जन्म करवादण्यात गेला.

सुभद्रामाय सदावर्तात दळण दळायची आणि शिधा मापून द्यायची. भुवयांवर कायम पीठ, आवाज असा की आमच्या दंडारीतला ढोलक्या लाजावा. मी तेव्हा दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळात बायकांची सोंगं घेत असे. खेळ नसला की तिच्या ओट्यावर जाऊन बसायचो. ती मला राधाच म्हणायची.

"पाह्य राधे," ती म्हणायची, "तो जटावाला काल दोनदा जेवला, त्याले आज तूप पाह्यजे. अन् बाजूच्या गल्लीतली बाई पोरं घेऊन आली, तिले मी म्हनतो, माय, तू गावची हायस, उपाशी राह्य. माहं तोंड जळून काहून नाही जात?"

ही गोष्ट अठराशे चौसष्ट सालची. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडला होता, आणि आमच्या वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावाने जात होता. गाडीवाल्यांनी बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवल्या. पण ज्वारीच्या रानात कापूस शिरला, ज्वारी महागली. सूत महागलं आणि कोष्ट्यांचे माग बंद पडले.

त्या कोष्ट्यांतली एक जमुना. वय असेल अठरा-एकोणीस. लहानपणी लग्न झालं आणि सासर बघायच्या आधीच नवरा गेला. आईबाप उन्हाळ्यात पटकीने गेले. मागे राहिल्या दोन धाकट्या बहिणी, शालू आणि तानी, आणि बापाचा माग. अकोटच्या मामाचा, जानरावांचा, गाडीवाल्याबरोबर निरोप आला: पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो, माग विकू, जमुनेचा तिथल्या एका बिजवराशी पाट लावू, शालूला अकोल्याला मावशीकडे ठेवू, तानीला मी नेतो. मामा वाईट नव्हता. त्याच्याच घरी सात तोंडं होती. पोरी आपल्या आपण जेवतात असं दिसलं असतं तर तो आल्या पावली परत गेला असता.

जमुना सदावर्ताच्या दारात आली ती हेच सांगायला. "मामा येईपर्यंत पीठ द्या. आमच्या तिघींच्या तीन दिशा करू नका."

सुभद्रामायने नियम सांगितला. मग पायली अशी आपटली की कोठीतला उंदीर बाहेर पडला.

तिथे मी माझं शहाणपण चालवलं. म्हटलं, माय, परदेशीच पाहिजेत ना? परदेशी करून देतो. दंडारीच्या पेटीतून रंग काढले, माळा काढल्या, चिंध्यांच्या झोळ्या शिवल्या. पहिल्या दिवशी तिघी माहूरच्या यात्रेकरू झाल्या. दुसऱ्या दिवशी नागपूरकडच्या जोगिणी. तानी तर अशी लंगडली की मला माझ्या गुरूची आठवण झाली. सुभद्रामाय तोंड फिरवून माप घालायची आणि पुटपुटायची, "भुकेल्या पोट्ट्यांले नाचवून राह्यले, देवा, अन् मी मापून राह्यली."

चौथ्या दिवशी कोठीवाले चंद्रभान दारात बसले होते. माणूस नियमाला पक्का. मी त्या दिवशी तिघींना अकोटच्या करून पाठवलं होतं.

"अकोटहून पायी आल्या?" चंद्रभानांनी विचारलं. "मंग रस्त्यानं मोठी नदी कोनती लागली?"

जमुनेने ओट्यावर बसलेल्या माझ्याकडे बघितलं. पूर्णा नदीचं नाव वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ही पोरगी जन्मात वेशीबाहेर गेली नव्हती, आणि मी शहाण्याने तिला चालायला शिकवलं, कण्हायला शिकवलं, रस्ता शिकवलाच नाही.

चंद्रभानांनी झोळीतलं पीठ परत कोठीत ओतायला लावलं. "पुन्हा दिसल्या तं शेठजींच्या कानावर घालीन," ते म्हणाले. मामा यायला तीन दिवस उरले होते.

मी माफी मागायला गेलो तर सुभद्रामाय जात्याशी बसली होती, पण दळत नव्हती.

"तुह्या रंगानं नाही झालं, राधे. सोंग काहून घ्याचं? खरंच बाहेरची करतो तिले."

"म्हणजे?"

"नियम काय म्हनते? चूल वेशीच्या आत नको. मंग चूल उचल."

नागपुरी वेशीबाहेर कापसाच्या गाड्या थांबायच्या. तिथे नासिरमियाँची गाड्यांची छपरी होती. सुभद्रामायने त्यांना सगळं सांगितलं. नासिरमियाँ दाढी खाजवत म्हणाले, "बहनजी, कोपरा रिकामाच हाय. पन मागाखाली पाय सोडाचा खड्डा तुमीच खंदा, माही कंबर गेली."

खड्डा मी खणला. आयुष्यात लुगडं नेसून नाचण्यापलीकडे मेहनत केली नव्हती. हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी दुपारी, भर बाजारातून, आम्ही तो माग खांद्यावर घेऊन वेशीबाहेर काढला. पुढे सुभद्रामाय, डोक्यावर चुलीचे तीन दगड. लोक बघत होते. ती सगळ्यांना सांगत होती, "पाहून घ्या, बाप्पा. गावची पोरगी परदेशी चालली. शंभर पावलं."

संध्याकाळी जमुना दारात आली. अंगावर रंग नाही, गळ्यात माळ नाही.

"चूल कुठं?" चंद्रभानांनी विचारलं.

"वेशीबाहेर. नासिरमियाँच्या छपरीत."

चंद्रभान उठले, वेशीपर्यंत गेले, धूर बघून आले. पुन्हा जागेवर बसले. मग म्हणाले, "माप, सुभद्रे."

"मापतोच हाय," ती म्हणाली. "शंभर पावलांनी तुमचं पुन्य वाढलं असंन तं सांगा, पोरीले आनखी लांब, वलगावले नेऊन ठेवतो."

बाजाराच्या दिवशी जानराव आले ते छपरीच्याच रस्त्याने, आणि वेशीच्या अलीकडेच मागावरच्या धोट्याचा आवाज ऐकून थांबले. सूत मिळालं होतं. गाडीवाल्यांच्या बायका घरी सूत काढायच्या. ते आणून गाडीवाल्यांनी जमुनेला पंचे विणायला सांगितले होते. मामांनी मागाकडे बघितलं, पिठाच्या मडक्यात हात घातला, तानीने दिलेली भाकर खाल्ली आणि हात धुताना म्हणाले, "बिजवराले मी सांगतो काहीतरी." तिघींपैकी कोणालाही न घेता ते परत गेले.

आठ दिवसांत कोष्ट्यांच्या आणखी सहा घरांनी चुली उचलल्या. शेठजी एकदा बग्गीतून वेशीबाहेर आले, त्या सात चुली बघून खूश झाले आणि बरोबरच्या पाहुण्यांना म्हणाले, आपल्या सदावर्ताचं नाव ऐकून दूरदूरचे विणकर येऊन राहिलेत.

सुभद्रामायला मी हे सांगितलं तेव्हा ती दळत होती. तिने जातं थांबवलं, माझ्याकडे बघितलं, कपाळावर पिठाचा हात मारून घेतला आणि म्हणाली, "बस खाली, राधे. सात घरचं दळन वाढलं. खुंटा धर."