लॅपटॉप बिघडत नाही म्हणून

भेट तर खरी, आधी कान धरते तुझा. हिंजवडीहून कर्वेनगर एवढं का गं लांब झालं? आज अपडेट करताना लॅपटॉपनं पासवर्ड मागितला आणि तू त्यावरची जुनी प्रणाली काढून लिनक्स टाकलंस ती दुपार आठवली. घरभर खिचडीतल्या तुपाजिऱ्याचा वास होता. मी पासवर्ड टाइप करत होते, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना, म्हणून जोरजोरात कळा दाबल्या. "अगं आई, कीबोर्ड आहे तो, धुणं नाही! दिसत नसलं तरी आत जातंय," म्हणून तू खिदळलीस. त्याआधी लॅपटॉप दर आठवड्याला अडकून बसायचा आणि तू दुरुस्तीला धावत यायचीस. आता मेला बिघडतच नाही. काही बिघडलं नाहीये, तरी ये गं या रविवारी.