अमेरिकेतल्या माकडाचं दहावं

आज सकाळी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माकड आलं होतं. पाण्याच्या टाकीला पाठ लावून, पाय पसरून, रविवारचा पेपर वाचून झालेल्या माणसासारखं निवांत बसलं होतं. खाली सोसायटीत कोण धावपळ! कुणी खिडक्या लावून घेत होतं, कुणी वनखात्याचा नंबर शोधत होतं. मी गॅलरीत खुर्ची ओढली आणि त्याच्याकडे बघत बसलो. डोंबिवली-ठाकुर्लीच्या या बाजूला आमच्या तरुणपणी भातखाचरं होती, पलीकडे खाडीपर्यंत मिठागरं होती, आणि माकडं पाहुणी नव्हती, शेजारी होती. गावात माकड मेलं तर त्याला माणसासारखं पोचवत. एकदा एक माकड रुळांवर गाडीखाली आलं, तेव्हा टाळमृदंगाच्या गजरात त्याची यात्रा निघाली, दहाव्याला गड्यांनी डोकी भादरली, तेराव्याला गाव जेवलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणूनच पुढे जे घडलं त्याचं आमच्याकडे कुणालाच नवल वाटलं नाही.

गावातला पहिला बी.ए. मी. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. त्यात लाज कसली? पन्नासचं दशक निम्मं सरलं असेल. माझा निकाल लागला होता आणि जन्मभर मिठागरात मीठ गोळा करायची फळी ओढलेला माझा बाप मला देवळापासून स्टेशनापर्यंत मिरवत होता. अशात सरकारी प्रचारगाडी गावात आली. मारुतीच्या देवळापुढे दोन बांबूंना पडदा ताणला, दिवेलागण होताच चित्रं सुरू झाली. भाताला खत कसं घालावं, देवीची लस का टोचावी, सगळं झालं. मग गाडीवाल्याने एक अमेरिकेतला इंग्रजी चित्रपट लावला. त्यात लष्कराची माणसं एका चिंपांझीला खुर्चीत पट्ट्यांनी आवळत होती, अंगाला तारा डकवत होती. खुर्ची रुळांवरच्या एका गाड्यात, गाड्याच्या मागे अग्निबाण. भयंकर वेगात देहाचं काय होतं, ते माणसाआधी त्याच्यावर बघायचं होतं.

“शेपूट नाय त्याला,” कुणीतरी म्हणालं.

“मिलिट्रीत कापली असंल,” आमचे भजनीबुवा म्हणाले. “कुल तं हनुमंताचाच!”

बापाने मला पुढे ढकललं. “बाला, सांग रं, काय बोलतंय त्यो गोरा?”

इथे माझी पंचाईत झाली. आमचे प्राध्यापक इंग्रजी बोलत ते एकेक शब्द निवडून, पाखडून. चित्रपटातला हा अमेरिकन निवेदक मात्र दाढेखाली सुपारी धरून बोलावं तसा बोलत होता. खरं सांगतो, मला दहातला एक शब्द कळेना. पण पडद्याच्या उजेडात सगळ्या गावाची तोंडं माझ्याकडे वळलेली, आणि बापाची मान अशी ताठ की विचारू नका. मी ठोकून दिलं. चित्रात दिसेल ते सांगायचं, वर थोडं विज्ञान भुरभुरायचं. गाडा सुटला, धुराचा लोट उठला, चिंपांझीचं तोंड वाऱ्याने वेडंवाकडं झालं, आणि नेमक्या त्या क्षणी जनरेटरमधलं पेट्रोल संपलं. पडदा विझला.

“मेला क जित्ता हाय?” अंधारात बुवांनी विचारलं. “गोरा येवढा येल बोलत व्हता, सांगला असंल ना?”

‘कळलं नाही’ एवढं म्हणायला किती श्वास लागतो? मला तेवढा सापडला नाही. मी म्हणालो, “मेला.”

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. मारुतीसमोर मृत्यू पाहिला, मग दहावं करायलाच हवं, असं ठरलं. कर्ता कोण? बाप उभा राहिला. “खबर माज्या पोराने दिली. मी बसतो.” जिवंत जिवाचा पिंड ठेवणं हे आमच्याकडे केवढं पाप, आणि ते मी माझ्या बापाच्या हातून करवणार होतो! आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी कळलं की प्रचारगाडी शहाडला लागली आहे, तशी सायकल काढली आणि संध्याकाळी तिथल्या गर्दीत जाऊन बसलो. या वेळी पेट्रोल पुरलं. गाडा थांबला, धूर विरला, पट्टे सुटले. चिंपांझीने डोळे किलकिले केले आणि एका शिपायाच्या हातातलं सफरचंद घेतलं. ते समजायला पदवी लागत नव्हती. पुढे पाटीवर त्याच्या नावाच्या जागी दिसला तो नुसता एक आकडा आणि त्याखाली उद्याच्या फेरीची वेळ. उद्या पुन्हा!

सायकलला दिवा नव्हता, म्हणून रात्री वर्गमित्राकडे राहिलो आणि उजाडता निघालो. खाडीवर दहाव्याच्या जागी पोचलो तेव्हा बापाचं डोकं गुळगुळीत झालं होतं आणि वस्तरा मिशीला भिडत होता. त्या मिशीची ख्याती पार विठ्ठलवाडीपर्यंत होती.

“थांबा! जित्ता हाय त्यो!” मी ओरडलो. मग सगळ्यांसमोर सांगितलं, अगदी सगळं. की मला त्याचं इंग्रजी कळलंच नव्हतं, मी थाप मारली. आणि हेही सांगितलं की त्याला पुन्हा त्याच गाड्यात बसवणार आहेत, त्याला नावसुद्धा नाही.

बापाने डोक्यावरून हात फिरवला. “क्यास येतील रं,” तो म्हणाला. “मना वाटलं, कॉलेजात ‘कलला नाय’ बोलाला शिकवतच नाय.” आणि तो असा हसला की न्हाव्याने वस्तरा घाईने लांब धरला.

बुवा मात्र गंभीर होते. “नंबर कैद्याला असतो,” ते म्हणाले. पिंडासाठी शिजवलेल्या भातात गूळखोबरं पडलं, गाव जेवलं, आणि चिंपांझीचं नाव ठेवलं चांगो. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक चांगो असे. त्या दिवसापासून आरतीनंतरच्या गाऱ्हाण्यात होड्या, बैल, मिठागर यांच्या पाठोपाठ बुवा म्हणू लागले, “आन दर्यापल्याडच्या चांगोला संभाल रं म्हाराजा.”

त्याचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. हे वाक्य आता मला सहज म्हणता येतं, आणि माझ्या शिक्षणातली ही कमाई मी पदवीच्या वर धरतो. बाप गेला, बुवा गेले. मिठागरांवर सात-सात मजले चढले. पण देऊळ आहे आणि गाऱ्हाणंही आहे. ऐकून ऐकून पाठ झालेलं ते कुणी बदललेलं नाही. नवा पुजारी परगावचा, शुद्ध बोलणारा पोरगा. परवा प्रसाद देताना त्याने विचारलं, “काका, हे चांगो तुमच्यापैकीच का? बोटीवर गेले होते?”

“हो,” मी म्हणालो, “आमच्यापैकीच.”