गावाचं खरं नाव

मंगळवारी सकाळी माझी थोरली बहीण गेली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी तिच्याच टेबलावरचे कागद लावत होतो.

ताई मानववंशशास्त्राची प्राध्यापक होती. माणसं वाढली म्हणून पाणी पुरेना, असं दुष्काळाच्या वर्षांत सगळेच म्हणत. ती करमाडच्या पलीकडच्या एका गावात जात राहिली आणि तिला उलटंच दिसलं. तरुण मंडळी शहराकडे गेली, गाव निम्मं झालं, तरी विहिरी आटतच होत्या. रस्त्यालगतच्या विहिरींचं पाणी गावकरीच विकत होते; ते टँकरनं शहराच्या नव्या वसाहतींकडे चाललं होतं.

छापण्याआधी आपल्या पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण ती त्या गावात, शाळेच्या ओसरीवर वाचून दाखवी. मी तिला स्कूटरवरून न्यायचो. टँकरचं प्रकरण वाचून झालं तेव्हा गावातल्या जाणत्या कौसाबाई म्हणाल्या, "बाई, लिवलं ते खरंय. पण गावाचं नाव छापलं तर आमच्या पोरायला पोरी कोण देईल?"

"तसं बी कोण देतंय, काकू!" मागून एक तरुण बोलला. सगळे हसले. कौसाबाई हसल्या नाहीत.

परतताना ताई म्हणाली, नाव नसेल तर साहेब लोक म्हणणार, असं गावच नाही. तरीही तिनं नाव बदललं. पुढे शहरात क्रांती चौकाजवळच्या एका सभेत कुणीतरी म्हणालंच, "हे गाव नकाशात दाखवा."

"दाखवणार नाही," ताई म्हणाली आणि खाली बसली.

नंतरच्या वर्षांत गावानं पाणी विकणं थांबवलं, ओढ्यावर बांध घातले. काही घरं परतही आली. ताईनं त्यावर नवं प्रकरण लिहिलं आणि गावाच्या नावाची जागा मोकळी सोडली. ते वाचून दाखवायचं मात्र राहून गेलं…

ताई गेल्यावर, गेल्या रविवारी मी ते घेऊन गावात गेलो. सवय नसल्यानं अडखळत वाचलं. मग विचारलं, नाव घालू का?

कौसाबाई आता काठी टेकत येतात. "घाला की. पण वरच्या आळीला उन्हाळ्यात अजून टँकर लागतो. बाई आजारी, वर चढल्याच नाईत. ते बी लिवा, नावासकट."

"आणि पोरी?" मी विचारलं.

"वाचून येऊ द्या. ठाऊक असून येईल ती टिकंल."

मोकळ्या जागेत मी गावाचं नाव लिहिलं आहे. वरच्या आळीचं पान लिहायचं राहिलं आहे.