व्हाइटबोर्डवरची शून्यं

छोट्या बिल्डरांना मोजमापाची सवय लावायला निघालं की आकडे कमी आणि किस्सेच जास्त जमतात. नाशिकच्या पाच-सहा बांधकाम फर्मना मी एकत्र आणलं. काम किती लांबलं, किती तोडून पुन्हा केलं, किती माणसं जखमी झाली, हे दर महिन्याला व्हाइटबोर्डवर लिहायचं आणि एकमेकांशी ताडून बघायचं, एवढाच बेत. मला शेवटचा आकडा तरी खरा हवा होता. बाकीच्या चुकांत पैसा जातो, यात माणूस.

*

पहिल्याच बैठकीत सगळ्यांची कामं वेळेवर! गटातल्या निकम शेठची गंगापूर रोडवरची इमारत मला जाता-येता दिसायची; तिला अजून खिडक्याही नव्हत्या. विचारलं, तर शेठ शांतपणे म्हणाले, "मॅडम, साइटबाहेरच्या पाटीवर नवी तारीख रंगवली की काम पुन्हा वेळेवर येतं."

*

काँक्रीटची ताकद तपासायला स्लॅबच्याच मालाचे ठोकळे भरून लॅबला पाठवतात. एका साइटचे ठोकळे भलतेच मजबूत निघायचे. जाऊन पाहिलं, तर मिस्त्री ठोकळ्यांसाठी वेगळा माल कालवत होता, त्यात सिमेंटचं जादा घमेलं. मी चिडले, तर तो म्हणाला,

"अहो, पोरगं परीक्षेला पाठवताना आपण धुतलेला शर्ट घालतोच ना?"

*

दिंडोरीकडच्या एका ठेकेदाराकडून दरवाजा ठेवायचाच राहिला, म्हणून नवी भिंत फोडावी लागली. बोर्डावर मात्र 'तोडफोड नाही'. का, तर "फोडली कुठं? दरवाजा केला."

*

अपघात तर कुणाकडेच होत नव्हते. महिन्यामागून महिने शून्य. पडलेला माणूस आपला नसतो, मुकादमाचा असतो, असं मला एकाने समजावूनही सांगितलं. पुढच्या महिन्यातही हे शून्य हललं नाही तर बैठकाच बंद, असं मी सगळ्यांना कळवलं.

पुढच्या बैठकीला गटातले भामरे दादा आले ते उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन. परांचीची फळी मोडली होती. त्यांनी फोनवर कळवलेलं शून्य मी आधीच लिहून ठेवलं होतं.

"दादा, हे काय?"

"तुम्ही कामगारांचं विचारलं होतं. मी मालक हाय."

सगळे हसले. फळीवर आणखी कोण होतं, एवढंच मी विचारलं.

 दादा म्हणाले, पेठ तालुक्यातला एक गवंडी होता. त्याला अजून उठता येत नाही, गावी पोचवलाय. ते उठले, तळहाताने शून्य पुसलं आणि डाव्या हाताने वेडावाकडा दोनचा आकडा काढला.

 निकम शेठनी चहाचा कप खाली ठेवला.

"दादा, मार्कर इकडं द्या."