आखूड दांडीचं इंजिन

माझा थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून एकाच टेबलावर वाकल्याने त्याची पाठ कामातून गेली आहे. स्वभाव घड्याळापेक्षा काटेकोर. चहाला दोन मिनिटं उशीर झाला तर मनगटाकडे बघतो. बोलत नाही, नुसता बघतो. त्यापेक्षा बोललेलं परवडलं.

त्याला वेड एकच, शिडाची छोटी होडी. गेल्या वर्षी पुलाजवळ वारा अचानक पडला, प्रवाहाने होडी खांबाकडे ओढली आणि वल्हं हातातून निसटलं. एका मच्छीमाराने त्याला ओढून काठाला आणलं. हे मला त्या मच्छीमाराकडून कळलं. घरी येऊन दादा एवढंच म्हणाला होता, "जरा उशीर झाला."

पण दुसऱ्या दिवसापासून त्याचा उजवा हात कापायला लागला. घड्याळजीचा हात कापला तर उरलं काय? बारीक स्क्रू टेबलाखाली पडायचे आणि मी गुडघ्यांवर बसून ते शोधायची. मी वर बघितलं की तो हात खिशात घालायचा. दादा म्हणायचा, "होडीला मागे इंजिन बसवलं ना, की सगळं ठीक होईल."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा सहा महिने नुसता फुंकतच बसला. इंजिनांची वजनं, हॉर्सपॉवर, पेट्रोल किती पितं, सगळं वहीत उतरवलं.

शेवटी आम्ही इंजिनांच्या दुकानात गेलो. दुकानदार पूर्वी बोटीवर काम केलेला. तो म्हणाला, "साहेब, शिडाच्या होडीला लांब दांडीचं घ्या. दांडीच्या टोकाचा पंखा पाण्यात खोल राहायला हवा." पण लांब दांडीचं त्याच्याकडे एकच होतं, तेही पंचवीस किलोचं. आखूड दांडीचं होतं पंधराचं.

"मला एकट्याला उचलता आलं पाहिजे," दादा म्हणाला आणि वही पुढे केली. होडीच्या मागच्या फळीपासून पाण्यापर्यंतचं अंतर त्याने मिलिमीटरमध्ये मोजून आणलं होतं.

दुकानदाराने कान खाजवला. "मोजताना होडीत कोण होतं?"

"मीच. मागे बसून, वाकून मोजलं."

तो पुढे काही बोलणार, तोच दादाने आखूड दांडीचं इंजिन उचलून दाखवलं आणि विषय संपवला. मलाही ते आकडे बघून धीर आला होता. शहाणी मीही नव्हतेच.

रविवारी दुपारी निघालो. मला पोहता येत नाही. पण त्याला एकट्याला पाठवायची भीती त्याहून मोठी होती. जाताना इंजिन गुणी बाळासारखं चाललं. परतताना पूल दिसला, तसं दादाने इंजिन सुरू केलं आणि म्हणाला, "शीड उतरव." मी जीव मुठीत धरून पुढे डोलकाठीपाशी गेले.

पुढचं टोक माझ्या वजनाने खाली गेलं आणि मागचं वर उचललं गेलं. पंखा पाण्याबाहेर आला. रिकामं फिरणारं इंजिन किंचाळायला लागलं. होडी खांबाकडे वळली. मी डोलकाठीला मिठी मारली आणि डोळे मिटले.

"मागे ये!" दादा ओरडला. "शीड राहू दे, मागे ये!"

मी रांगत गेले आणि थेट त्याच्या पायांवर बसले. मागची बाजू खाली गेली, पंख्याला पाणी लागलं, होडीला हिसका बसला. खांब इतक्या जवळून गेला की त्याच्यावरचं शेवाळ मला दिसलं. काठाला लागेपर्यंत मी त्याच्या पायांवरून हलले नाही आणि त्यानेही उठवलं नाही.

काठावर दादा होडीला टेकून बसला. दोन्ही हात कापत होते, आणि आज त्याने ते खिशात घातले नाहीत.

"मागे मी बसून मोजलं," तो म्हणाला. "माझ्याच वजनाने होडी मागून दबली होती. तू पुढे जाशील हे धरलंच नाही मी." मग अगदी हळू म्हणाला, "मला फार भीती वाटते गं."

वर्षभरात तो वजनाबद्दल बोलला, हॉर्सपॉवरबद्दल बोलला. हे आज पहिल्यांदाच. मला रडू आलं.

"मलाही," मी म्हटलं.

सोमवारी आम्ही इंजिन बदलून आणलं. लांब दांडीचं, पंचवीस किलोचं. दुकानदाराने विचारलं, "साहेब, एकट्याला उचलवेल का?"

"नाही," दादा म्हणाला, आणि दुसरी बाजू धरायला त्याने मला हाक मारली.